गाळून आलेला वारा

"सगळं केलं, भन्ते. जे जे करायचं असतं ते सगळं. मग हा गळतो काहून?"

भन्ते शीलबोधी अजून खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते. चीवर सावरत ते बसत होते, तेवढ्यात दीक्षितानं प्रश्न टाकला. वंदन करायचं, बसा म्हणायचं, पाणी विचारायचं, यातलं एकही झालं नाही हे तिला प्रश्न विचारून झाल्यावर आठवलं. मग तिनं घाईघाईनं तीनदा वाकून वंदन केलं. तिसऱ्यांदा उठताना नजर पुन्हा भिंतीवरच्या एसीकडे गेलीच.

टप्...

पाळण्याशेजारच्या बादलीत थेंब पडला.

"आधी पाणी दे त्यांना," संघदीप म्हणाला. त्यानंच भन्त्यांना विहारातून स्कूटरवर बसवून आणलं होतं. "भोजनदानाला बोलावलंय आपण. सर्व्हिसिंगला नाही."

दीक्षितानं पाणी आणलं. थोडं हिंदकळलं. तेही पुसलं.

चंद्रपूरचा मे महिना. बाहेर सत्तेचाळीसला टेकलेलं ऊन आणि पाळण्यात सात महिन्यांची यशोधरा, पाठभर घामोळं घेऊन. चार दिवस एसी गळत होता आणि चार दिवस मेकॅनिक 'उद्या नक्की' म्हणत होता. शेवटी संघदीपनं आज चारच्या बसची तिकिटं काढली. मायलेकींनी नागपूरला त्याच्या बहिणीकडे जायचं, पाऊस पडेपर्यंत तिथंच राहायचं. नणंद फोनवर प्रेमानंच बोलली होती : "घेऊन ये गं तिला. तुला एकटीला जमत नाहीये, ते दिसतंच आहे."

'दिसतंच आहे' हे दोन शब्द दीक्षिताच्या डोक्यात तेव्हापासून गळत होते. त्यांच्याखाली ठेवायला बादली नव्हती.

आणि भन्ते चीवर घेण्याआधी बावीस वर्षं शीतगृहात मेकॅनिक होते. नळीवर नुसता तळहात ठेवून मशीनचं दुखणं ओळखायचे, असं सगळी कॉलनी सांगायची. असा माणूस घरात जेवायला येतो, तेव्हा त्याला काय निर्वाणाबद्दल विचारायचं?

"काय काय केलं?" भन्त्यांनी विचारलं.

दीक्षितानं वही उघडली. एसीसाठी तिची वेगळी वही होती. अकरा पानं भरली होती.

"मेन स्विच बंद केला. जाळी काढली, साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. उन्हात वाकडी होते म्हणून सावलीत. आतल्या पात्यांवर फेस मारला, वीस मिनिटं थांबले, मग स्प्रेच्या बाटलीनं धुतलं. मऊ ब्रशनं, वरून खाली. आडवं नाही."

"आणखी?"

"पाणी जाण्याची नळी फुंकून मोकळी केली. बाहेरच्या डब्यावरची काजळी काढली."

"आणखी?"

"गच्चीवर चढून काढली, भन्ते! अकराच्या उन्हात!"

"आणखी?"

आता मात्र तिला राग आला. भिक्षूंवर रागवायचं नसतं, म्हणून तो वहीवर काढला. पान फाटलं.

"आणखी काहीच राहिलं नाही. तुम्हीच एकदा बघा ना. स्टूल देते."

"पाना खाली ठेवून अकरा वर्षं झाली मला."

"हात लावू नका. नुसतं बघा."

"बघून राहिलो."

ते एसीकडे बघत नव्हते.

टप्...

"तिथं हात धर," भन्ते म्हणाले. "वारा येतो तिथं."

तिनं स्टुलावर चढून हात वर केला. "गार आहे."

"गार विचारलं नाही. वारा विचारला."

दीक्षितानं तळवा आणखी जवळ नेला. तळव्याला जे लागत होतं ते झोपलेल्या लेकराच्या श्वासाएवढं होतं. तेही मधूनमधून.

"कितीवर ठेवलाय?"

"सोळावर. आधी चोवीसवर होता. खोली गार होईना म्हणून वीस केला. मग अठरा. मग..."

"मग गळायला लागला."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"बंद कर. उघड ते," भन्ते म्हणाले.

तिनं मेन स्विच पाडला, स्टुलावर चढली, झाकण वर केलं आणि जाळी बाहेर ओढली. आत पात्यांवर बर्फ साचला होता. जुन्या फ्रीजच्या कप्प्यात साचतो तसा, जाड, पांढरा.

"बघा!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी म्हटलं होतं! एसीतला गॅस कमी झालाय, म्हणून बर्फ. सातव्या पानावर लिहिलंय मी."

"हातात काय आहे तुझ्या?"

"जाळी."

"जाळीच्या मागे?"

तिनं जाळी उलटली.

"ते... ते यशूचं दुपटं आहे."

"काय?" संघदीप खुर्चीतून उठला. "तरीच चार दुपट्यांची तीन झाली! मी दोरीवर शोधून राहिलो, शेजारच्यांना विचारून राहिलो..."

"तू गप रे."

दुपटं जाळीच्या पाठीला शिवलेलं होतं. मलमलचं, दुहेरी घडी करून, चारी बाजूंनी बारीक धावदोरा घालून. जिनं आयुष्यात शर्टाचं बटण धड लावलं नव्हतं तिचा हा टाका होता. एकसारखा, सरळ.

"चांगलं शिवलंय," भन्ते म्हणाले.

हे कौतुक आहे की काय, ते तिला कळेना. म्हणून ती बोलत सुटली. भन्त्यांना या कोळशाच्या गावाबद्दल काय सांगायचं, पण सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी काळी होते. दिवसातून सहा वेळा पुसते ती. जे चौकटीवर बसतं तेच लेकराच्या छातीत जातं ना? डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा. एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. किती जपायचं ते सांगितलं नाही. तिनं जाळी उजेडात धरून पाहिली तर आरपार दिसत होतं. भोकंच भोकं! म्हणून मलमल लावली. आधी एक घडी. मग वारा तरीही येतोय म्हटल्यावर वाटलं, धूळही येत असेल. मग दोन.

"वारा येतोय म्हणून?" संघदीपनं विचारलं.

"गप म्हटलं ना तुला!"

भन्ते ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चार दिवस सगळे काही ना काही चेहरा करत होते, आणि आता चेहरा हवा होता तर तो मिळेना.

"मग काढू का मी हे?" तिनं विचारलं.

"तुला काय वाटते?"

"मला काय वाटतं ते मला कळत असतं, तर तुम्हाला विचारलं असतं का!"

संघदीपनं पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत नव्हता, तरी पाहिलं. दीक्षितानं जीभ चावली.

"किती वाजले?" भन्त्यांनी विचारलं.

"साडेअकरा."

"वाढ मग."

*

भिक्षूचं जेवण बारापर्यंत. बारा वाजले की दुसऱ्या सकाळपर्यंत घासही नाही. म्हणून दीक्षितानं पहाटेच वरण लावलं होतं, भेंडी केली होती, पन्हं करून ठेवलं होतं. तिनं चौरंग मांडला. भन्त्यांनी झोळीतून पात्र काढून त्यावर ठेवलं.

"तसलंच एक दुपटं आण," ते म्हणाले. "धुतलेलं."

धुतलेलं! या घरात न धुतलेलं काय होतं? तिनं आणलं. भन्त्यांनी त्याची दुहेरी घडी केली, पात्राच्या तोंडावर अंथरली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली.

"वाढ."

"यावर?"

"हो."

"भात?"

"आधी वरण."

दीक्षितानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खांदे उडवले. तिनं एक पळी वरण कापडावर ओतलं.

पिवळं तळं साचलं. हललंही नाही. मग बऱ्याच वेळानं पात्राच्या तळाशी आवाज झाला.

टप्...

"वाढ," भन्ते म्हणाले.

"भन्ते, आधीचंच खाली..."

"वाढ."

तिनं दुसरी पळी ओतली. तळं भरलं, कापड मधोमध खाली आलं आणि कडेनं ओघळ निघाला. पात्राच्या बाहेरून चौरंगावर, चौरंगावरून फरशीवर. संघदीप मुकाट्यानं फडकं घेऊन आला.

घड्याळात अकरा चाळीस.

भन्ते कापड धरून बसले होते. घाई नाही. जणू आजचा दिवस असाच ठरलेला होता.

अकरा त्रेचाळीस. उपाशी भिक्षू आपल्या दारातून परत जाणार. कॉलनीला कळणार. नागपूरलाही कळणार. 'दिसतंच आहे.'

"भन्ते, असं तर बारा वाजतील!"

"वाजतील."

"तुम्ही उपाशी राहाल!"

"पण पात्रात कचरा येणार नाही."

दीक्षितानं कापड ओढून काढलं. भिक्षूच्या हातातून! वरण तिच्या ड्रेसवर सांडलं, बाहीवर सांडलं. तिला त्याचं भान नव्हतं.

"पण हे वरण आहे, भन्ते! वरणात कोळशाची धूळ नसते. डाळ मी दोनदा निवडते. तांदूळ तीनदा निवडते. हवा कशी निवडू? हवेला सूप कुठून आणू मी?"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. पाळण्यात यशोधरा दचकून रडायला लागली. संघदीपनं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

भन्त्यांनी पात्र तिच्यापुढे सरकवलं.

तिनं वाढलं. भात, वरण, भेंडी. भन्ते जेवू लागले.

पहिला घास. दुसरा. तिसरा...

कट्ट.

खोलीभर ऐकू आलं. दीक्षिताचा चेहरा उतरला.

भन्त्यांनी दोन बोटांनी तोंडातून खडा काढला. मोहरीएवढा. पात्राच्या काठावर ठेवला. आणि चौथा घास घेतला.

"भात मऊ झालाय," ते म्हणाले. "आणखी थोडा दे."

तिनं दिला. तिची नजर त्या खड्यावरून हलत नव्हती. तीनदा! परातीत पसरून, खिडकीच्या उजेडात, चष्मा लावून, तीनदा. भन्ते जेवत होते. खडा काठावर होता. दोघांना एकमेकांचा काही त्रास होत नव्हता.

...

ती उठली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जाळी घेऊन खिडकीशी बसली आणि धावदोऱ्यात कात्री घातली. टाके पटापट सुटले नाहीत. बारीक शिवले होते ना. शेवटचे दोन तिनं दातानं तोडले.

तोवर बर्फ सुटायला लागला होता. बादलीत थेंबांची घाई झाली. मग ते विरळ झाले. तिनं नुसती जाळी बसवली, झाकण लावलं, मेन स्विच चढवला.

"नुसता पंखा ठेव आधी," भन्ते पन्ह्याचा पेला खाली ठेवत म्हणाले. "वारा अडून साचलेला बर्फ सगळा जाऊ दे. गार नंतर."

भन्त्यांचं पात्र धुऊन झालं तेव्हा बादली गप्प झाली होती. आणखी अर्धा तास त्यांनी थांबायला लावलं. मग सव्वीसवर लावायला सांगितलं.

"सव्वीस? भन्ते, सोळावर काही होत नव्हतं..."

"सव्वीस."

पडदा हलला. मग टेबलावरच्या वहीचं फाटलं पान उलटलं. मग संघदीपच्या खांद्यावर यशोधरेच्या कपाळावरची ओली बट उडाली. मूठ सैल झाली. तोंड उघडं टाकून ती झोपली. चार दिवसांत पहिल्यांदा, दुपारी, घाम न येता.

दीक्षितानं हात वर धरून पाहिला. खूप वेळ धरून ठेवला.

"बॅग भरायची राहिलीये," संघदीप हळू आवाजात म्हणाला. "चारची बस."

"कुठली बस?" दीक्षिता म्हणाली.

*

भन्त्यांनी आशीर्वाद दिला, झोळी खांद्याला लावली. संघदीप स्कूटर काढायला खाली गेला. यशोधरेला कडेवर घेऊन दीक्षिता फाटकापर्यंत पोचवायला आली. सुख पाच-सात मिनिटं टिकलं होतं. जिन्याच्या कठड्यावरून तिचा हात फिरला, आणि बोटं काळी झाली.

"भन्ते," ती म्हणाली, "पण आता धूळ आत जाणार."

"जाईल."

"थोडी तरी जाणार."

"हो."

"मग?"

"जाळी पंधरा दिवसांनी धू."

"रोज धुतली तर?"

"पंधरा दिवसांनी."

भन्ते संघदीपच्या मागे बसले. चीवर चाकात जाऊ नये म्हणून गोळा करून मांडीखाली घेतलं. स्कूटर सुरू झाली. दीक्षिता एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक.

"पंधराव्या दिवशी धुईन, भन्ते. नक्की धुईन. पण मधले चौदा दिवस मी काय करू?"

भन्त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ते थोडे वैतागल्यासारखे वाटले.

"मधले चौदा दिवस चालव ना ते मशीन, माय."