पारवीच्या डोळ्यांचा रंग

कुंचले बोलायचे त्या काळची गोष्ट. विश्वास बसत नसेल तर माझ्या कुंचल्याला विचारा. हल्ली तो रुसलाय, एवढंच.

संग्रहालयात एक कुंचला नामशेष झालेल्या जातीच्या एका पारवीचं चित्र रंगवत होता. समोर ती पारवीच होती, पेंढा भरलेली. डोळ्यांच्या जागी मात्र कापूस!

"ताई, तुझ्या डोळ्यांचा रंग कोणता गं?"

"मी कुठे आरसा पाहिलाय? आमच्या ह्यांना विचार, शेजारच्याच खणात आहेत."

खणातला पारवा म्हणाला, "आमच्या देवराईत एक फळ पिकायचं, अगदी तस्सा! घेऊन ये, मी वासाने ओळखतो."

कुंचला गावोगाव हिंडला. देवराई केव्हाच तुटली होती, आणि फळात पेंढा भरून कुणी ठेवला नव्हता.

चित्रातला डोळा कोराच राहिला.

"रंगवलास का रे?" पारवीने विचारलं.

"हो ताई," कुंचला म्हणाला. "फार सुंदर दिसतेस."