अळिंबीच्या गोठ्याची चावी

तापीकाठच्या एका गावात एक भोळा काका होता. नाव झिपरू. वय पन्नाशीच्या पुढे, मिशा भरघोस, आवाज भारदस्त. तो गप्प बसला की लोकांना वाटायचं, काहीतरी विचार करतोय. तो नुसता गप्प बसलेला असायचा.

झिपरूची पुतणी हेमांगी. ती कॉलेजात शेती शिकून आली होती. तिला घरच्या गोठ्यात अळिंबी पिकवायची होती. उन्हाळाभर म्हैस निंबाखाली असायची, गोठा रिकामाच होता. ती आजोबांकडे गेली. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबा म्हणाले, "कुत्र्याच्या छत्र्या? त्या तर उकिरड्यावर फुकट उगवतात."

"या वेगळ्या, आबा. गुलाबी धिंगरी. आपल्या उन्हाळ्यातसुद्धा येते. हॉटेलवाले घेतात."

"घेतात तर विकून दाखव. पावसाच्या आत विकलीस तर गोठा कायमचा तुझा. नाही विकलीस तर म्हैस आत, तू बाहेर. आणि हो, सोबत मोठं माणूस पाहिजे. गोठ्याची चावी झिपरूकडे राहील."

हेमांगीला सगळं कळत होतं, पण ती वयाने लहान होती. झिपरूला काही कळत नव्हतं, पण तो वयाने मोठा होता. म्हणून चावी झिपरूच्या करदोट्याला बांधली गेली. घरात सगळ्यांना हे अगदी बरोबर वाटलं.

अळिंबी गव्हाच्या काडावर वाढते. पहिलं काम ते काड कढत पाण्यात बुडवायचं.

हेमांगी म्हणाली, "काका, बाहेरच्या वस्तूत जंतू असतात. बाहेरून आलेलं आधी कढत पाण्यात घालायचं. लक्षात ठेवा."

"ठेवलं," झिपरू म्हणाला. का, कशाला, असं त्याने विचारलं नाही. त्याच्या घरात तसं विचारायची पद्धत नव्हती.

हेमांगी पिशव्या आणायला तालुक्याला गेली. इकडे एसटीच्या कंडक्टरने एक पार्सल दिलं. त्यात अळिंबीचं बियाणं होतं. ते ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं असतं. पार्सल बाहेरून आलं होतं. झिपरूने ते कढत पाण्यात घातलं.

हेमांगी परतली तेव्हा झिपरू चुलीपाशी बसून चमच्याने चव बघत होता.

"घुगऱ्या छान झाल्यात," तो म्हणाला. "मीठ तेवढं राहिलं."

"काका! तुम्ही बियाणं शिजवलंत?"

"बाहेरून आलं होतं ना."

हेमांगीने ओठ आवळले. मोठ्या माणसावर ओरडता येत नाही. त्याला फक्त पुढच्या वेळचं सांगता येतं.

"ते जिवंत होतं, काका. पुढच्या वेळी जिवंत काही आलं तर थेट अंधाऱ्या खोलीत न्यायचं. दार बंद, बाहेरून कुलूप. मी येईपर्यंत उघडायचं नाही. लक्षात ठेवा."

"ठेवलं."

नवं बियाणं घेऊन कॉलेजातल्या सोनार मॅडम स्वतःच आल्या. भर दुपारी, स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून.

"हेमांगी आहे का?" त्यांनी विचारलं.

झिपरूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मॅडम श्वास घेत होत्या.

"आत या," तो म्हणाला. त्यांना धान्याच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि कुलूप घातलं.

संध्याकाळी हेमांगी मळ्यातून आली. खोलीच्या दारावर आतून धडाधड थापा पडत होत्या.

"काका, आत कोण आहे?"

"बियाणं. आणि एक मॅडम. दोन्ही जिवंत आहेत."

कुलूप निघालं. मॅडम घामाने निथळत होत्या, केसांत जाळी-जळमटं. बियाणं मात्र मजेत होतं.

"अहो, जिवाला वारा लागतो!" मॅडम कडाडल्या. "दारं उघडायची, खिडक्या उघडायच्या, समोर पंखा लावायचा! एवढं लक्षात ठेवा!"

"ठेवलं."

मॅडम भल्या होत्या. बियाणं देऊन गेल्या. हेमांगीने काड आणि बियाणं पिशव्यांत थराथराने भरलं आणि पिशव्या गोठ्यात टांगल्या. हळूहळू आत पांढरं जाळं पसरलं. मग भोकांतून इवले इवले गुलाबी कोंब डोकावले. हेमांगी इतकी खूश झाली की त्याच पावली तालुक्याला गेली. तिथल्या हॉटेलच्या मालकीण फेगडेबाई. "माल बघायला या," असं त्यांना सांगायचं होतं.

झिपरूने गोठा उघडला. कोंब जिवंत होते. वारा अजिबात नव्हता.

त्याने दारं उघडली. खिडक्या उघडल्या. समोर लग्नातला उभा पंखा लावला. बाहेर मे महिना होता. खानदेशातली झळ एकदाची आत शिरली आणि थेट कामाला लागली.

हेमांगी परतली तोवर कोंबांच्या कुरडया झाल्या होत्या. झिपरूच्या बायकोने दोन तळूनही पाहिल्या. फुलल्या नाहीत.

"काका, हे काय केलंत?"

"जीव होता. वारा दिला."

"अहो, अळिंबीला ओल लागते, ओल! पिशव्यांत अजून दम आहे. दुसरा बहर येईल. चारी बाजूंनी गोणपाट टांगा, भिजवत राहा. सुकताना दिसलं की लगेच पाणी मारायचं. लक्षात ठेवा."

"ठेवलं."

या वेळी झिपरूने मन लावून काम केलं. गोणपाट दिवसभर ओले ठेवले. गोठा गारेगार झाला. हेमांगीलाही वाटलं, चला, जमलं एकदाचं. मग झिपरू काहीतरी कामाला गच्चीवर गेला.

गच्चीवर अख्ख्या गल्लीचं वाळवण पडलं होतं. पापड, सांडगे, शेवया, कुरडया. सगळंच सुकत होतं. झिपरूचा जीव कळवळला. त्याने खालून पाइप ओढला.

थोड्याच वेळात पापडांचं पुन्हा पीठ झालं. गल्लीतल्या बायका लाटणी घेऊन आल्या. पुढे कुसुमकाकू.

"झिपरूभाऊ, वर्षाचं वाळवण हो माझं! वाळवणाला पाणी घालतात का? राखण करायची असते, राखण! काठी घेऊन बसायचं. जवळ येईल त्याला हाकलायचं, मग तो कावळा असो नाहीतर व्याही! काही म्हणाला तरी ऐकायचं नाही! राहील का लक्षात?"

"राहील."

इकडे गोठ्यात दुसरा बहर फुटला. पिशवी पिशवीला गुलाबी घोस, लग्नातल्या फेट्यांसारखे. हेमांगी दारातून बघत राहिली. आभाळ भरून येत होतं. निंबाखाली आबा म्हशीचं दावं हातात घेऊन उभे होते आणि आभाळाकडे बघून मान डोलवत होते.

तेवढ्यात फेगडेबाईंची गाडी आली. हेमांगी चहा ठेवायला आत पळाली. फेगडेबाई रिकामे क्रेट घेऊन गोठ्याकडे निघाल्या. गोठ्याच्या दारात झिपरू काठी घेऊन बसला होता.

"हाड्!" झिपरू म्हणाला.

"अहो, मी गिऱ्हाईक!"

"कावळेही असंच म्हणतात."

आणि त्याने काठी उगारली. फेगडेबाई पुढे, झिपरू मागे. क्रेट रस्त्यात पडले. बाई गाडीत बसल्या आणि गाडी धुरळा उडवत गेली. हेमांगी चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा धुरळा तेवढा उरला होता.

"काका!" तिने कप खाली ठेवला आणि मोटारसायकलची चावी उचलली. "ती काठी टाका आधी! मी त्यांना आणते. त्या दुसऱ्या वाटेने आधीच इथे आल्या, तर काय करायचं ते ऐका. आता दारात येईल तो गिऱ्हाईक. हात जोडायचे, आत न्यायचं, हवं तेवढं खाऊन बघा म्हणायचं. कशालाच नाही म्हणायचं नाही! लक्षात ठेवा!"

"ठेवलं."

हेमांगीने गाडी फाट्यावर गाठली. हात जोडले, माफी मागितली. "बाई, एकदा बघा तरी. एवढा ताजा माल तालुक्यात मिळायचा नाही."

फेगडेबाईंचा राग अर्धा उतरला. "बघते. आवडला तर सगळा घेईन, आणि दर आठवड्याला घेईन. पण तो मिशावाला मला समोर नको."

दोघी परत आल्या. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. दारात काठी नव्हती. झिपरू टोपी काढून, हात जोडून, आत तोंड करून अदबीने उभा होता. हेमांगीने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

पिशव्या फाटल्या होत्या. काड संपलं होतं. एका पिशवीला शेवटचा गुलाबी घोस लोंबत होता आणि म्हशीने तोही जिभेने अलगद ओढून घेतला.

"काका!!"

"हळू बोल, पोरी," झिपरू कुजबुजला. "गिऱ्हाईक जेवतंय. आबा स्वतः घेऊन आले. बाई पळाल्या म्हणून फार आनंदात होते. मी यांना म्हटलं, हवं तेवढं खाऊन बघा. सगळं आवडलं. आबा सांगून गेलेत, आता या कायमच्या इथेच राहणार."