मातीचा घास

एका राज्यात गेलेलं कुणी परत येईनासं झालं. सकाळी गुरं रानात गेली, संध्याकाळी गोठे रिकामेच. बाप्ये नांगर घेऊन शेतावर गेले, ते गेलेच. डोंगराकडे तोंड करून हाक मारावी, तर हाकसुद्धा तिकडेच राहायची. निघणारा रीतीप्रमाणे 'येतो' म्हणायचा, दारातली बाई 'ये' म्हणायची, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की हे आपलं नुसतं म्हणायचं.

राजा मणिधर हरवलेल्यांना शोधायला गेला. तोही गेला. मागे उरली राणी सुभगा आणि लेक केतकी. राणी मनाने लोण्यासारखी, पण जिभेला विसावा नाही. तिचं ऐकून ऐकून महालातल्या पोपटांनी बोलणं सोडलं होतं. एका सकाळी ती केतकीची वेणी घालत होती. पोर हलली, गुंता ओढला गेला, रडारड झाली. राणी वैतागून म्हणाली, "जा बाई, जा एकदाची समोरून!"

केतकी अर्धी वेणी तशीच धरून बागेत गेली. परत आली नाही.

राणीने फणी उशाला ठेवली आणि अन्न सोडलं. तेव्हा वळचणीची साळुंकी म्हणाली, "रडून झालं असेल तर विचारते. महाराजांच्या मुकुटावर ते पिवळं शिंग कुणाचं?"

"मला काय ठाऊक? शोभतंय, एवढंच मी म्हटलं होतं."

"ते धनेश पक्ष्याच्या चोचीवरचं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते, चिखलाने दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. धनी फळं आणतो, फटीतून भरवतो. महाराजांनी धनी मारला. ती आत वाट बघत राहिली. मग तिने शाप दिला: माझा आला नाही, तुमचाही येणार नाही."

"मी तिच्याकडे गेले, तर परत येईन?"

"नाही," साळुंकी म्हणाली. तिला गोड बोलता येत नसे.

राणीने फणी कमरेला खोचली, राजाने महालातच ठेवलेल्या मुकुटावरचं शिंग काढून घेतलं आणि निघाली. कुणाला 'येते' म्हणावं, तर दारात कुणी नव्हतं.

खाडीच्या काठी उंच झाड होतं. उभ्या जन्मात पलंगापलीकडे काही न चढलेली राणी वेली धरधरून वर गेली. अर्ध्या वाटेत शालू फाटला. बघायला कुणी नव्हतं, तेवढंच बरं. फटीतून एक चोच दिसली, वाळलेली.

"तुझ्या धन्याचं हे घे, बाई. मला क्षमा कर."

"त्याने पोट भरतं का?" आतून आवाज आला. "अंडं फुटायला आलंय. तीन खेपा फळं लागतील. तीनदा जा, तीनदा परत ये. मग शाप मोडीन."

"पण गेलेलं परत येत नाही! तूच तसं केलंस!"

"हो," ती म्हणाली. "मीच केलं."

राणी खाली उतरून चिखलात बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडली. तेवढ्यात एक निवटी चिखलावरून चालत आली. निवटी म्हणजे मासाच, पण परांवर चालते आणि पाण्याबाहेर हिंडते.

"मासा असून तू बाहेर कशी?" राणीने विचारलं. दुःखातही चौकशी सुटली नव्हती.

"मी बाहेर नाहीच," निवटी गुळगुळत म्हणाली. "खाडीचं पाणी गालात घेऊन फिरते. घर तोंडात असलं की माणूस गेला असं होत नाही. फक्त तोंड उघडायचं नाही."

"मग आत्ता बोललीस ते?"

निवटीने रागाने पाहिलं आणि पाण्यात उडी मारली.

राणी पुन्हा वर चढली. ढोलीच्या लिंपणातली चिमूटभर माती तिने जिभेखाली ठेवली आणि उंबराकडे निघाली.

पहिल्या खेपेला वाटेत खवल्या मांजर भेटलं. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही. हातभर जीभ काढून ते म्हणालं, "बोलघेवडी राणी ती हीच ना? बघू, कुणाची लांब!" राणीच्या ओठांवर चांगली सात उत्तरं आली. तिने ती गिळली. उंबरं घेऊन परत आली.

दुसऱ्या खेपेला झाडावरून उडता सरडा तरंगत आला. बरगड्यांचे पंख मिटून म्हणाला, "राजा कुठे आहे, मला ठाऊक आहे. विचार फक्त." राणीचे डोळे भरले. तिने विचारलं नाही. परत आली.

तिसऱ्या खेपेला ओटीत उंबरं भरून ती वळणार, तोच पुढच्या वाटेवर पाठमोरी एक पोर चाललेली दिसली. अर्धी वेणी सुटून पाठीवर आली होती.

गेलेल्यांना मागे वळता येत नसे. पोर जागीच थांबली. "आई? तुझे तोडे वाजले. तू आहेस ना?"

राणीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"आई, एकदा 'ये' म्हण ना."

माती जिभेखाली विरघळत होती.

"अजून रागावलीस?" पोर म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली, मग चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत राणी तिथेच होती. मग पाय ओढत झाडाकडे वळली. कशासाठी, ते तिला आता सांगता आलं नसतं.

तिने शेवटचं उंबर फटीतून आत दिलं. आत बारीक चीं चीं झालं. चोचीचे घाव पडले, लिंपण फुटलं, आणि बिनपिसांची धनेशी उजेडात आली.

"आलीस," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणीतरी परत आलं."

त्या संध्याकाळी गुरं गोठ्यात आली. बाप्ये नांगर घेऊन आले. राजा पायी आला, लाजेने खाली बघत. दुसऱ्या सकाळपासून तो स्वतः ढोलीपाशी उंबरं नेऊ लागला, पिल्लू उडेपर्यंत. धनेशी त्याच्या हातून खायची, पण नजर आभाळाकडेच. तिचा धनी एकटा तेवढा आला नाही.

केतकी सगळ्यांत शेवटी आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "मी हाक मारली होती. तू बोलली का नाहीस?"

राणीने तोंड उघडलं. जीभ मातीने काळी झाली होती. इतकं बोलणारी ती राणी, तिला एकच शब्द सापडला.

"ये."

केतकी आत आली, पाठ करून बसली. राणीने कमरेची फणी काढली आणि गुंता हळूहळू सोडवू लागली.

गेलेलं आलं, न आलेल्याची आठवण राहिली. कहाणी इथे थांबली. ऐकणाऱ्यांनी उठताना 'येतो' म्हणावं, आणि यावं.