खोबरेल लावलेले टायर

“आणि माझे जुने टायर कुठं टाकलेत चाचा? विकले तर नाहीत ना?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते परातीतल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

“सांगा की! परत घाला ते. आत्ता, ह्या घडीला!”

बुडबुडा सापडला. चाचांनी तिथं खडूची खूण केली.

“सकाळी नऊला घाटात उतरणारा माणूस सव्वानऊला परत कसा?” ते म्हणाले.

उत्तर सयाजीच्या मागून आलं.

“दुसऱ्या वळणावर मला देव दिसला चाचा,” त्याची थोरली बहीण वैजयंता गाडीवरून उतरत म्हणाली. “अगदी जवळून. अजून हातभर गाडी कलली असती, तर बोलणंही झालं असतं.”

चाचा हसले. सयाजी हसला नाही.

तो हसणार तरी कसा? आज दुपारी बारा वाजता त्याच्या मुलीचं बारसं होतं. बायकोचं माहेर घाटाखाली. आई कालच पुढं गेली होती. एसटी साडेआठलाच निघून गेली होती. आणि आत्या, जिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, ती जरीची साडी नेसून इथं टायरच्या दुकानात उभी होती.

“आत्याला मी आणतो, माझ्या गाडीवरून,” असं सयाजीनं सासुरवाडीला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

त्याला तसं सांगायचा अधिकारही होता. बारा वर्षं तो बेकरीचे पाव घेऊन त्या घाटातून जात-येत होता. मागं दोन क्रेट, पुढं टाकीवर एक. एकोणीस वळणं त्याला तोंडपाठ. एकदाही पडला नव्हता. गाडी चालवायला त्याला चाचांनीच शिकवलं होतं. पण अलीकडं तो हे कुणाला फारसं सांगत नसे.

एकच गोष्ट होती. गाडी त्यानं जुनी घेतलेली, आणि टायरही कायम जुनेच. दुसऱ्याच्या गाडीचे उतरवलेले, निम्मे झिजलेले टायर चाचांकडून घ्यायचे आणि ते गुळगुळीत होईपर्यंत पळवायचे. कोरा टायर त्यानं जन्मात कधी घातला नव्हता.

मुलगी झाली तसा तो धावत आला होता. “चाचा, दोन्ही नवे घाला. कोरे करकरीत! बाप झालोय मी!”

ते टायर काल बसवले. आणि आज हे असं.

“टायर खराब आहेत,” सयाजी म्हणाला. “माल चांगला नाही. गाडी माझं ऐकतच नाही.”

चाचा उठले. गाडीपाशी उकिडवे बसले. मागच्या टायरवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

पुन्हा एकदा हुंगलं.

“सयाजी…”

“काय?”

“हे खोबरेल आहे.”

सयाजीचे कान लाल झाले. “ते… जरा चकाकी यावी म्हणून. सासरची सगळी माणसं दारात उभी असणार. पहिलेच नवे टायर…”

“कडेला लावलंस, तर एक वेळ समजू शकतो. जिथं रस्त्याला टेकतो, तिथंही?”

“सगळीकडंच लावलं.”

वैजयंतानं कपाळावर हात मारला. “अगं आई गं! बाळाला चोळायचं तेल ह्यानं टायरला चोळलं! काजळाची तीट तरी लावायचीस रे, दृष्ट लागली असती!”

आता चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला.

मग त्यांनी बादली, साबण आणि काथ्या सयाजीच्या पुढं ठेवला.

सयाजीनं नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घासायला बसला. पुढचा, मागचा. फेस, पाणी, पुन्हा फेस. वैजयंता स्टुलावर बसून सूचना देत होती. “तिकडं राहिलं बघ. कानामागं नीट घास.”

टायर पुसून कोरडे झाले. चाचांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

“तेलच होतं तर!” सयाजी उभा राहिला. त्याचा सगळा रुबाब परत आला. “उगाच मी टायरला बोललो. चल अक्का, बस.”

“अक्का नको,” चाचा म्हणाले. “एकट्यानं काट्याला वळसा घालून ये.”

दुकानासमोर साखर कारखान्याचा जुना वजनकाटा होता. कारखाना हलला, काटा तसाच राहिला. एके काळी उसाच्या गाड्या त्याला वळसा घालून उभ्या राहायच्या, त्यामुळं भोवती चांगली गोल, मोकळी जागा होती.

सयाजी निघाला. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी गेली. वळण आलं. बारा वर्षांच्या सवयीनं त्यानं खांदा घातला, हँडल रेटलं…

आणि गाडी एकदम वळणाच्या आत कलंडली.

त्यानं पाय टेकवला म्हणून वाचला. इंजिन बंद पडलं. बूट फरफटला. उभ्या आयुष्यात त्याचा पाय असा कधी टेकला नव्हता.

तो गाडी ढकलत परत आला. चेहरा उतरलेला.

“आता तेल नाही,” चाचा म्हणाले.

“नाही.”

“मग?”

“मला माहीत नाही चाचा… जुने घाला ना! त्यांच्यावर मी डोळे मिटून गेलो असतो. साडेनऊ वाजले. बारा वाजता पाळणा आहे. सगळे वाट बघत असतील. पहिलं बारसं, आणि बाप आत्याला घेऊन टायरच्या दुकानात!”

चाचांनी कोपऱ्यातून त्याचा काल काढलेला टायर आणला.

“डोळे मीट. हात दे.”

त्यांनी सयाजीचा तळवा जुन्या टायरवरून आडवा फिरवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मधे तो पाट्यासारखा सपाट झाला होता. जिथं सपाटी संपत होती, तिथं चक्क धार लागत होती.

मग तोच तळवा त्यांनी गाडीच्या नव्या टायरवरून फिरवला. हात कुठंच अडला नाही. गोल… थेट गोल, कलिंगडावरून फिरावा तसा.

“जुना वळायला तयार नव्हता,” चाचा म्हणाले. “तू ह्याला रेटायचास.”

“हो.”

“हा तयार आहे.”

सयाजीनं नव्या टायरवरून पुन्हा हात फिरवला.

“आणि तू?”

“…रेटतोच आहे.”

चाचा पुन्हा ट्यूबकडं वळले. जणू काम संपलं.

“कळलं ते,” सयाजी म्हणाला. “पण हाताला कसं सांगू? बारा वर्षं चालवतोय. हात आपोआप जातात.”

“शिकवणारं कुणीतरी शोध.”

“तुम्ही आहात की!”

“माझे गुडघे गेले आता.” चाचांनी ओल्या हातानं स्टुलाकडं बोट केलं. “तिला विचार.”

सयाजीनं तिकडं पाहिलं. स्टुलावर अक्का होती. अक्काच्या मागं भिंत.

“कुणाला?”

“वैजा,” चाचा म्हणाले, “एक वळसा घालून दाखव त्याला.”

वैजयंता उठली. हिरव्यागार जरीच्या साडीच्या निऱ्या तिनं वर खोचल्या. खाली सलवार होती!

“अक्का, तू… गाडी?”

“तीन आठवडे झाले,” ती पदर कमरेला आवळत म्हणाली. “मी आशाताई, नि चार वाड्या पायी फिरते. लसीच्या दिवशी टाचा भरून येतात. तुला विचारलं होतं, शिकव म्हणून. तू काय म्हणालास?”

सयाजीला आठवलं. नाही आठवलं असतं तर बरं झालं असतं.

“तू म्हणालास, अक्का, तुझं काम नव्हे ते, तू आपली मागं बस. मग आले चाचांकडं. रोज दुपारी ह्यांच्या गाडीवर. आणि त्या गाडीला आत्ता पावसाळ्यातच नवे टायर घातलेत.”

तिनं हेल्मेट चढवलं. सयाजीची गाडी सुरू केली. पहिल्यांदा बंद पडली. “थांब थांब, क्लच जरा वेगळा आहे,” ती स्वतःलाच म्हणाली. दुसऱ्यांदा निघाली.

सयाजीला बहीण पडेल ही भीती, आणि बहीण पडणार नाही ही त्याहून मोठी भीती.

वळण आलं. वैजयंतानं काट्याच्या पलीकडं नजर टाकली. बस्, एवढंच. गाडी हलकेच कलली आणि अलगद वळली. हिरवी साडी काट्यामागं गेली, दुसऱ्या बाजूनं उगवली.

एकच वळसा घालायचा हे विसरून ती तीन घालून आली.

“काय हलकी आहे रे गाडी!” ती उतरताना म्हणाली. डोळे लखलखत होते. “बघितलं तिकडं जाते!”

सयाजी तसाच उभा. बारा वर्षं, एकोणीस वळणं, एकदाही न पडलेला माणूस. तो एक पाऊल पुढं आला.

“अक्का…”

“बोल.”

“वळणावर… तू काय केलंस?”

वैजयंताला टोमणा मारायची ही आयुष्यातली सर्वात मोठी संधी होती. तोंडापर्यंत आलाही असेल. पण भावाचा चेहरा बघून तिनं तो परत पाठवला.

“काही नाही रे केलं,” ती मऊ आवाजात म्हणाली. “हळू गेले. जायचंय तिकडं बघितलं. हात ढिले सोडले. ती वळायला लागली, तशी मी तिच्याबरोबर गेले. तू तिच्याआधी जातोस.”

सयाजी गाडीवर बसला. शिकाऊ माणूस बसतो तसा, जरा भीतभीत. मुठी सैल केल्या. पुन्हा आवळल्या. पुन्हा सैल केल्या.

पहिल्या वळशाला गाडी डगमगली. अक्का ओरडली, “खांदे! खांदे खाली!”

दुसऱ्या वळशाला तो अर्ध्या वळणापर्यंत बरा गेला.

तिसऱ्याला त्यानं नुसतं पलीकडं पाहिलं. आणि गाडी गेली. आपली आपण, मांजर कुशीवर वळावं तशी.

काट्याच्या मागून त्याचं हसणं आधी ऐकू आलं, मग तो दिसला. चौथा वळसा, पाचवा वळसा. नवा शर्ट साबणाच्या पाण्यानं भिजलेला, आणि हा माणूस यात्रेत पाळण्यात बसल्यासारखा हसतोय!

“अरे बस कर!” वैजयंता ओरडली. “पोरगी बिननावाची राहील!”

निघताना सयाजी चाचांच्या पाया पडला. मग जरा थांबला, आणि अक्काच्याही पडला.

“आज सावकाश,” चाचा म्हणाले. “नव्या टायरची साल अजून कोवळी आहे. शंभरेक किलोमीटर रस्त्याला घासू दे, मग तो रस्ता नीट पकडेल. पावाच्या वेळेची घाई आज करायची नाही.”

“बारा वर्षांत जे शिकलो, ते वायाच गेलं म्हणायचं चाचा?”

“छे! त्या सपाट टायरांवर तुझ्याइतकं चांगलं कुणी चालवलं नसतं.”

हे कौतुक की काय, हे सयाजीला पहिल्या सात वळणांपर्यंत कळलं नाही. आठव्या वळणापासून त्यानं विचार करणंच सोडलं. मागून अक्का प्रत्येक वळणावर मोठ्यानं सांगत होती, “बघ तिकडं… शाब्बास!” समोरून येणारा दुधाचा टेम्पोवाला, जो सयाजीला रोज सुसाट जाताना बघायचा, त्यानं तर काळजीनं गाडी थांबवून विचारलं, “सयाजीराव, बरं नाही का?”

“फार बरं आहे!” सयाजी ओरडला.

पावणेबाराला ते दारात पोचले.

आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, “सई” म्हणाली, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की हिरव्या साडीची जर विस्कटली. त्या धपाट्यांच्या आवाजानं बाळ जागं झालं आणि रडायच्या ऐवजी टुकुटुकू बघत राहिलं.

उन्हं उतरायच्या आत सयाजी परत दुकानासमोर आला. ह्या खेपेस घाट चढून. अक्का मागं, तिच्या मांडीवर बारशाच्या घुगऱ्यांचा डबा.

चाचा दुकान आवरत होते. त्यांनी घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली, डोळे मिटून चावली.

“नाव काय?”

“सई.”

“वा!”

सयाजीला आता राहवेना. आख्खा दिवस त्याच्या ओठांवर जे होतं ते बाहेर आलं.

“चाचा, चढताना बघायला हवं होतं तुम्ही! एकोणीसच्या एकोणीस वळणं, एकदाही रेटलं नाही. अक्काला विचारा. हात अगदी ढिले. आता जमलं मला. पक्कं जमलं!”

चाचांनी घुगऱ्या गिळल्या. गाडीपाशी आले. वाकून मागच्या टायरवर तळवा ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला…

“जमलं? मग टायर पुन्हा झिजून सपाट व्हायला लागला म्हणायचा.”