चकचकीत डोक्याचा बोल्ट

फार जुनी गोष्ट. एका शिडाच्या होडीच्या तळाला शिशाचं जड वजन होतं आणि ते चार बोल्टांनी धरून ठेवलं होतं. त्यांतला थोरला बोल्ट आत गंजून सुतळीएवढा बारीक झाला होता, पण वर डोकं मात्र चकचकीत.

"काका, मिस्त्रींना सांगा ना! वजन सुटलं तर होडी उलटेल," धाकटा बोल्ट म्हणाला.

"गप रे! लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पाना लावून जरा पिळलं, तर थोरल्याचं डोकं त्यांच्या हातातच आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं झालं, किनाऱ्यावरच कळलं," मिस्त्री हसले. "भट्टीत घालून नवा करतो तुला."

हे ऐकून धाकटा हळूच म्हणाला, "मिस्त्री, माझीही कंबर जरा बघता का?"