तांबवेकरांचं शेवटचं पुस्तक

“मग बाबा, वाचू की नको? एवढंच सांगा.”

हेमलताबाई मठाच्या दारात उभ्या होत्या. निळ्या फडक्यात बांधलेलं एक पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. टेकडी चढून दम लागलेला, त्यात डोक्यावर ऊन.

केवलबुवा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुनाचं हाय?”

“तांबवेकरांचं. विश्राम तांबवेकर. शेवटची कादंबरी.”

“बरं लिवतो का?”

बाईंना हे चांगलंच झोंबलं. तांबवेकर, आणि ‘बरं लिहितो का’! मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई, तिनं उभं आयुष्य त्या एका लेखकावरून ओवाळून टाकलेलं. ‘तांबवेकर : वाचकांचं दैवत’ हे तिचं व्याख्यान झालं नाही असं एक गाव जिल्ह्यात उरलं नव्हतं. शाळेतल्या शिक्षिका पाठीमागे म्हणायच्या, बाईंचं तांबवेकरांशी लग्न लागलंय, फक्त तांबवेकरांना ते कुणी कळवलेलं नाही.

“ते जाऊन बावीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “हे पुस्तक त्यांच्या मागं निघालं. दुकानात आलं त्याच दिवशी घेतलं मी.”

“आन् वाचलं न्हाई.”

“नाही.”

“बावीस वर्सं.”

“...नाही.”

बुवांकडे लोक यायचे ते बैल हरवला, सून रुसली, पोरगं घर सोडून गेलं असली गाऱ्हाणी घेऊन. पुस्तकाचं गाऱ्हाणं आणणारी ही पहिलीच. पण बाई तरी जाणार कुठं? शिकल्यासवरल्या मैत्रिणींना सांगायची सोय नव्हती. व्याख्यानात या पुस्तकाचा विषय निघाला की ‘त्याबद्दल स्वतंत्रपणे बोलू’ म्हणून त्या वेळ मारून नेत. एकदा श्रोत्यांतला एक गृहस्थ उठून शेवट सांगायला लागला, तेव्हा बाईंनी व्यासपीठावरच कानांवर हात ठेवले. लोकांना वाटलं, घेरी आली. पुढं आठ दिवस ओळखीची माणसं तब्येत विचारत होती.

“का न्हाई वाचलं?”

“हे वाचलं की ते संपले, बाबा. मग त्यांचं नवं असं काही उरत नाही. अजून त्यांना मला काहीतरी सांगायचंय, या एवढ्या आधारावर मी...”

बाईंनी पुस्तक आणखी घट्ट धरलं.

“मग नगं वाचू. आजच काय नडलं?”

“डोळे नडले. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, छापलेलं अक्षर अजून वर्षभर दिसेल, फार तर. कडेचं तर आत्ताच दिसत नाही.”

बुवांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“लोकांना का गं आवडतो ह्यो मानूस?”

हा प्रश्न मात्र बाईंच्या घरचा होता. त्यांनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि एकेक बोट दुमडत मोजायला सुरुवात केली. “पहिली गोष्ट म्हणजे भाषा. आपल्या घरात बोलावी तशी. दुसरी गोष्ट, त्यांचा विनोद कुणाला बोचत नाही. तिसरी...”

“हे लोकांचं झालं. तुला का आवडतो?”

बाईंचं तिसरं बोट तसंच धरलेलं राहिलं.

...

“माझी थोरली बहीण होती. अक्का,” ते बोट सोडून त्या म्हणाल्या. “सासरच्यांनी तिला परत पाठवली होती. घरी पाहुणे आले की वडील तिला धान्याच्या खोलीत बसवायचे. कुणाला दिसायला नको म्हणून. बाहेरून कडी.”

“कडी कोन लावायचं?”

“मी. आठ वर्षांची होते. मला खेळायला जायची घाई असायची. एकदा कडी काढायची विसरले. दिवेलागणीपर्यंत. अक्का बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि चुलीपाशी गेली. एक शब्द बोलली नाही. पुढंही त्याबद्दल कधी नाही.”

बुवांचे हात थांबले.

“कॉलेजात असताना तांबवेकरांची एक गोष्ट हातात पडली. तीच खोली, ज्वारीची पोती, आणि बाहेर कडी लावणारी धाकटी बहीण. मी पुस्तक मिटलंच. म्हटलं, आता हा माणूस त्या पोरीची सालटी काढणार. दोन दिवस हात लावायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं...”

“मग?”

“ते तिला रागावले नाहीत हो.” बाईंना रडू आलं. ते त्यांनी आवरलंही नाही. “तिची चूक लपवली नाही. पण तिची घाई लिहिली, धुळीनं भरलेले पाय लिहिले. शेवटपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. माझं ते सगळं जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तरी तो माझ्याशी मायेनं बोलत होता. व्याख्यान संपलं की लोक मला कोपऱ्यात घेऊन हेच सांगतात. ‘बाई, हे आमच्या घरातलं आहे, त्यांना कसं कळलं?’ असल्या माणसाला कसं सोडायचं, बाबा?”

बुवा पुन्हा शेंगा फोडायला लागले.

ऊन तापत चाललं होतं. बाईंनी डोळे पुसले. “पाय भरून आलेत. जरा आत येऊन बसते.”

“नगं.”

“...काय?”

“भाइरच ऱ्हा.”

आता मात्र बाईंच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. “मी एकसष्ट वर्षांची बाई. एवढी टेकडी चढून आले, घसा कोरडा पडलाय. माणसाला दारात ताटकळत ठेवायची ही कुठली रीत?”

“आत आलीस की बसशील,” बुवा शांतपणे म्हणाले. “बसलीस की दोन गोष्टी बोलशील. बोलून झालं की उठून जाशील. मला तर तू लई आवडलीस बग. तू जायाला नगंस. म्हनून भाइरच बरी.”

बाईंनी काहीतरी खरमरीत सुनावायला तोंड उघडलं. पण त्यांची नजर हातातल्या पुस्तकावर गेली आणि तिथंच राहिली.

“अगं बाई...” त्या पुटपुटल्या. “बावीस वर्षं दारातच...”

त्या पायरीवरच मटकन बसल्या. फडक्याची गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढून सोडली. पुस्तकाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि आतली दोन पानं चिकटलेली होती. पहिलं पान त्यांनी डोळ्यांजवळ धरलं, नीट दिसेपर्यंत मान इकडंतिकडं वळवली आणि वाचायला लागल्या.

बुवा उठले. पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याशेजारी ठेवला. “ये आत,” म्हणाले.

बाई वाचता वाचताच पाणी प्यायल्या, वाचता वाचताच आत आल्या. तिसऱ्या पानावर त्या खुदकन हसल्या. पाचव्या पानावर पुन्हा हसल्या, आणि आपलाच आवाज ऐकून लाजल्या. इतक्या वर्षांनी तांबवेकरांचा तोच आवाज, तीच खोड, बोलता बोलता मध्येच काहीतरी भलतंच सांगायची! चेहरा असा उजळला होता की हिनं कधी व्याख्यानांतून बोटांवर मोजून कारणं सांगितली असतील हे कुणाला खरं वाटलं नसतं.

मग एकाएकी त्या थांबल्या. पानात बोट घालून त्यांनी पुस्तक मिटलं आणि उरलेली जाडी चाचपली. फार नव्हती.

“बाबा...” त्यांनी पुस्तक बुवांपुढं धरलं. “हे एवढंच आहे. हे संपल्यावर मी काय करू?”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“ताटावर बसलेल्या पाव्हन्याला, गाडी किती वाजताची म्हनून इचारत न्हाईत, बाई.”