फोन कुणी धरला होता

“तात्या, नवीन काही सुचेनासंच झालं तर काय करायचं?”

दस्तगीर तात्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. चाळीस वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या होऊन त्यांनी गावोगावची माणसं हसवली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सगळा कारभार कानांवर चालला होता.

“काय करायचं म्हंजी? शेंगा फोडायच्या,” ते म्हणाले आणि ओंजळभर शेंगा त्यांनी विक्रांतपुढे सरकवल्या.

विक्रांत खराडे काही शेंगा फोडायला आला नव्हता, जुन्या सोंगाड्याचा सल्ला घ्यायला आला होता. एकट्यानं माइकपुढे उभं राहून लोकांना हसवायचं, असं नवं खूळ त्यानं डोक्यात घेतलं होतं. खूळ म्हणायचं, पण पोरगं मनापासून करत होतं.

त्याच्यापाशी बारा मिनिटांचा घासूनपुसून तयार केलेला कार्यक्रम होता. तो सातारा-कराडकडे सगळ्यांचा ऐकून झाला होता. शनिवारी पुण्यात वीस मिनिटं मिळाली होती. तिथे जमलं तर ठीक, नाही तर जूनपासून काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. पंधरा दिवस तो वही उघडत होता आणि कोरीच मिटत होता. आतून पार घाबरला होता, पण तसं कबूल करेल तर शपथ.

“तसं माझं चांगलं चाललंय,” तो म्हणाला. “बारा मिनिटांत लोक एकेचाळीस वेळा हसतात. मी मोजलंय.”

“हसणं मोजतोस?”

“रेकॉर्डिंग करतो ना. सगळेच करतात. घरी येऊन ऐकायचं, लोक कुठे हसले, कुठे नाही. नाही हसले ते काढून टाकायचं.”

“बरं. ऐकीव.”

विक्रांतनं फोन शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. फोनमधला विक्रांत तावातावानं बोलायला लागला. त्याचे बाबा बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर. भावाच्या लग्नात फोटोला सगळे उभे राहिले, तर बाबा म्हणाले, आत सरका, मागं मोकळं आहे. पोरगा पुण्याला निघाला तेव्हा बाबांनी खांद्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, सुट्टे आहेत का?

लोक खो खो हसले. तात्याही हसले, सूप हललं. विक्रांत ताठ बसला.

मग तात्यांनी कान दिला.

“ह्यो कोण? समद्यांचं हसून झालं की मागनं एकलाच हसतोय.”

“बाबा.” विक्रांत जरा ओशाळला. “पहिल्या रांगेत त्यांच्याकडेच फोन दिला होता. त्यामुळे त्यांचाच आवाज मोठा येतो. जोक कळायला वेळ लागतो त्यांना. घरी दहादा ऐकलाय, तरी.”

“दहांदा ऐकलाय... तरी येळ लागतो.”



रेकॉर्डिंग चालूच होतं. एका जागी विक्रांतचं बोट आपोआप ते पुढे सरकवायला गेलं. तात्यांनी त्याचं मनगट धरलं. धड दिसत नसलेल्या माणसाला ते कसं कळलं कुणास ठाऊक.

“फुडं का पळवतोस?”

“इथे कुणी हसलं नाही, तात्या. तो जोक मी काढून टाकलाय.”

“ऱ्हाऊ दे. ऐकू.”

फोनमधला विक्रांत आजोबा गेले तेव्हाची गोष्ट सांगत होता. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, आणि पुढे खांदा दिलेले बाबा सवयीनं म्हणाले, चला, जाऊ द्या.

सगळं गप्प. कुणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली...

आणि फोनच्या अगदी जवळून एक माणूस हसला. मोठ्यानं, एकटाच. कुणी साथ देईल म्हणून हसतच राहिला. मागून दोन-चार जण हसले, तेव्हा कुठे तो थांबला. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पुढचा जोक सुरू झाला.

स्टेजवर सगळे गप्प बसले तेव्हाच विक्रांतनं तो जोक काढला होता; रेकॉर्डिंगमधली ही जागा त्यानं आजवर कधी ऐकलीच नव्हती.

“आजा तुजा,” तात्या म्हणाले. “म्हंजी त्यांचा बाप.”

“हो.”

विक्रांतनं रेकॉर्डिंग बंद केलं. शनिवारची भीती होतीच, पण आता तिच्यावर लाज चढून बसली होती.

“तात्या... त्या दिवसाबद्दल मी कधी विचारलंच नाही त्यांना. आता काय करू? शनिवारी बोलू तरी काय?”

तात्यांनी चाचपडत फोन उचलला. त्याला लागलेली टरफलं धोतराला पुसली. तो विक्रांतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

“घरी जा. त्यास्नी बोलू दे. आज फोन तू धर.”